पिवळा चिमटा

दोरावर तिचा चिमटा नव्हता. मुळात दोरच नव्हता.

गुहेच्या पोटातल्या त्या कोरड्या दालनात ती पाण्याच्या काठाशी उकिडवी बसली आणि ज्या दगडाला दोर बांधला होता त्याच्यावरून पुन्हा एकदा हात फिरवला. दगड जागच्या जागी होता. समोर छतापर्यंत पाण्याने भरलेला बोगदा आणि त्याच्या पलीकडे घरी जायची वाट. पुढे गेलेल्यांनी तळाचा गाळ असा काही ढवळून ठेवला होता की दिव्याचा उजेड वीतभरही आत शिरेना. दोराशिवाय त्यात उतरणं म्हणजे आंधळ्याने विहिरीत उडी मारणं.

या पाणबुड्यांचा नियम साधा होता. बोगदा पार करून दालनात आलं, की प्रत्येकाने आपला चिमटा, तोच आपला कपडे वाळत घालायचा, दोराला लावायचा. परतताना आपला आपण काढायचा. शेवटचा चिमटा काढेल तो दोर गुंडाळत जाईल, म्हणजे पुढे कोणाच्या पायात जुना दोर अडकायला नको. दुसऱ्याच्या चिमट्याला हात लावायचा नाही, मग तो सख्ख्या भावाचा का असेना. त्या दोघांना हे शिकवणाऱ्या उस्तादांचा लाल, नवऱ्याचा निळा, तिचा पिवळा.

काय झालं असेल याचं तिला कोडं पडलं नाही. मघाशी नवरा म्हणाला होता, "चल, निघू या." ती "हो, आलेच" म्हणाली आणि डावीकडच्या कपारीत आणखी थोडी सरपटत गेली. तिची बोटं गारठतात, म्हणून त्याने जाता जाता तिचाही चिमटा काढून घेतला असणार. हा माणूस हॉटेलात तिच्या ताटातलं स्वतः निवडून देतो, डॉक्टरांपुढे तिचं दुखणं स्वतः सांगतो. नंतर उस्ताद उजव्या कपारीतून बाहेर आले, दोरावर एकटा लाल चिमटा पाहिला आणि दोर गुंडाळत निघून गेले.

"मेल्या," ती अंधाराला म्हणाली. बॅटरी पुरावी म्हणून तिने दिवा विझवला होता. भीती वाटत होती, पण तिच्याआधी तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि खरं सांगायचं तर त्या गारठ्यात तेवढीच काय ती ऊब होती.

किती वेळ गेला कोण जाणे. मग पाण्याखाली उजेड हलला आणि उस्तादांचं डोकं वर आलं. हातात दोर, ओठ काळेनिळे. आत शिरताना प्रत्येक जण आपल्या हवेचे तीन भाग करतो: एक जायला, एक यायला, एक संकटाला. उस्ताद स्वतःचा आणि तिच्या नवऱ्याचा, असे दोन्ही संकटाचे भाग घेऊन त्या गाळातून चाचपडत आले होते.

"माझी चूक," ते म्हणाले. "चिमटे पाहिले. माणसं नाही पाहिली."

"तुमची नाही," ती म्हणाली. "चला."

पलीकडे नवरा गुडघाभर पाण्यात उभा होता. ती वर येते न येते तोच त्याने तिच्या पाठीवरच्या सिलिंडरचे पट्टे सोडवायला हात घातला.

"हात लावू नकोस."

"अगं, मला वाटलं तू माझ्या मागेच आहेस. तुझी बोटं गारठतात, म्हणून..."

"गारठू देत! चिमटा का काढलास?"

"तुझ्यासाठीच काढला ना." त्याचे डोळे भरून आले. "तुला काही झालं असतं तर मी काय केलं असतं?"

"ऐकलंत, उस्ताद? मरणार होते मी, आणि पंचाईत कोणाची, तर ह्याची!" तिचा आवाज गुहेत घुमत राहिला. "अरे, मी आत आहे हे सांगायला तिथे दुसरं काय होतं? तेवढंच होतं. तेवढंही तू माझ्या हातात ठेवलं नाहीस."

 एरवी उस्ताद दोघांची भांडणं चेष्टेवारी नेत. आज ते खाली बघून दोर गुंडाळत राहिले.

तिघं गुहेच्या तोंडाशी आले. बाहेर लख्ख ऊन होतं. ती अंगाला चिकटलेला ओला पोशाख सोलून काढत होती, तेवढ्यात पिशवीत तिचा फोन वाजला. तिच्या आईचा होता. तिचे हात ओले पाहून नवऱ्याने तो चटकन उचलला.

"हो आई, आलो बाहेर. ठणठणीत आहे ती. छे हो, मी असताना तुम्ही कसली काळजी करता?"

तिने हात पुसले नाहीत. फोन त्याच्या कानावरून ओढून घेतला.

"आई," ती म्हणाली, "तू आधी खाली बस."