पंच्याहत्तरीची तुतारी

वडिलांच्या, म्हणजे नानांच्या पंच्याहत्तरीला तुतारी वाजलीच पाहिजे, असं विवेकनं मनावर घेतलं. पण सिंगापुरात तुतारी म्हणजे वाघिणीचं दूध! शेवटी ऑफिसातला वसील धावून आला. तो युक्रेनच्या डोंगरातल्या हुत्सूल लोकांपैकी. त्याच्याकडे चांगली दोन पुरुष लांब लाकडी तुतारी होती, त्रेम्बिता.

"वीज पडलेल्या झाडाची आहे, ती कधी खोटं बोलत नाही," वसील म्हणाला. "गावात लग्नालाही वाजते, मयतालाही. सूर तेवढे वेगळे."

"लग्नाचाच वाजव रे बाबा!"

वुडलँड्सच्या फ्लॅटखाली मंडळी जमली, नाना पहिल्या खुर्चीत बसले, वसीलनं गाल फुगवले. आणि निघाला तो अंगावर काटा आणणारा, लांबलचक, रडवा सूर. तरी टाळ्या पडल्याच.

"बघा, नाना कसे डोळे मिटून ऐकतायत!" विवेकची बायको सविता हरखून म्हणाली.

विवेक वसीलकडे धावला. "अरे, हा मयताचा सूर ना?"

"मी लग्नाचाच फुंकला होता." वसीलचे ओठ पांढरेफटक पडले होते.

"म्हणजे आता काही वाईट घडणार?"

"नाही रे. घडायच्या आधी ती कधीच रडत नाही."