जमनीचं अर्धं गाणं

“मी नाही गात,” जमनी म्हणाली आणि राखेनं थाळी घासत राहिली.

शुभदानं कमरेवर हात ठेवले. घाटंजीजवळच्या त्या शाळेत उन्हाळी शिबिर भरून आठवडा झाला होता. मॅट्रिकचा शेवटचा पेपर देऊन शुभदा यवतमाळहून थेट इथं आली होती, आणि मुलींच्या गटाची चक्क ‘ताई’ झाली होती! ताईला विचारल्याशिवाय कुणी पाणी प्यायलाही उठायचं नाही. घरी तिला कोण विचारतंय? तिचे पाय सध्या जमिनीला लागत नव्हते.

“आत्ता तर गात होतीस. मी ऐकलं ना!”

“अर्धंच येते.”

“मग पूर्ण शीक की. काहून नाही म्हणतेस?”

“ते गाणं म्हटलं का बाया रडतात.”

“अगं, रडू दे! रडवलंस म्हणजे तूच जिंकलीस.”

जिंकायचं तर होतंच. समारोपाला यवतमाळच्या मुलींच्या शाळेच्या मोठ्या बाई येणार होत्या. त्यांच्या वसतिगृहात एक जागा रिकामी होती आणि शिबिरातली एक मुलगी त्या निवडणार होत्या. शुभदाच्या मते त्या जागेवर हक्क एकटीचाच, तांड्यावरच्या बारा वर्षांच्या जमनीचा. तोंडी हिशेबात ती मुलांनाही मागं टाकायची. पण चारचौघांत उभं केलं की हिच्या तोंडाला कुलूप!

“काय शुभदाताई, तुमची मुकी मैना बोलली का?” मुलांच्या गटाचा दादा मधुसूदन रोज जेवणाच्या पंगतीत खिजवायचा.

“बोलणार नाही, गाणार आहे! तुमच्या लेझीमवाल्यांना म्हणावं, कानात बोळे घालून या.”

राहिलेलं अर्धं गाणं जमनीच्या याडीला, म्हणजे आईला, येत होतं. रामीबाई रोज सकाळी तांड्यावरून शिबिराचं दूध घेऊन यायची. शुभदानं तिला दारातच गाठलं. ऐकता ऐकता रामीबाईनं डोक्यावरची कळशी खाली ठेवली.

“तुम्ही सांगता तिले? गाणं गाय म्हणून?”

“हो, मीच. तुम्ही फक्त शिकवा.”

“तुमचं ऐकन ते. आमचं नाही ऐकत. मारलं बी, तरी तोंड उघडत नाही पोट्टी.”

“मारायचं कशाला हो? मुलांना प्रेमानं सांगितलं की मुलं ऐकतात,” शुभदा म्हणाली. हे वाक्य तिला शिबिराच्या आधीच्या वर्गात शिकवलं होतं. ते वापरायला मिळालं म्हणून तिला कोण आनंद झाला!

दुसऱ्या दिवसापासून मायलेकी लिंबाखाली बसू लागल्या. रामीबाई ओढणी तोंडावर ओढून सूर लावायची. जमनी दोन ओळी म्हणायची आणि उठून पळायची. एकदा शुभदानं तिला विहिरीमागं धरलं.

“ताई, झेंड्याचं गाणं म्हणू का? ते पूर्ण येते मले.”

“झेंड्याचं काय, कुणीही म्हणतं. तुला हेच गायचंय.”

जमनी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली.

“हे गायलं तर त्या बाई मले शाळेत नेतीन?”

“नेतील.”

“खरंच?”

“गळ्याची शपथ!”

दोर विहिरीत सोडण्याआधी त्याचा पीळ बघावा, तशी जमनी तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “मंग शिकतो.”

आणि काय शिकली! पुन्हा म्हणून पळाली नाही. गाताना तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायचं. “हाच भाव ठेव हं,” शुभदा म्हणायची.

समारोपाला पटांगण भरलं. तांड्यावरच्या बाया तर झाडून आल्या, आरसे जडवलेल्या कांचळ्या-चोळ्या घालून, सणाला यावं तशा. शुभदानं मधुसूदनला कोपरानं ढोसलं. “बघा, गर्दी कुणासाठी आहे ती!”

जमनी उभी राहिली. पहिली ओळ संपली तशी बायांनी एकमेकींच्या गळ्यात हात टाकले. दुसऱ्या ओळीला त्या मोकळ्या गळ्यानं रडू लागल्या. शब्द कळत नव्हते, तरी घाटंजीहून आलेल्या आयाही पदरानं डोळे पुसू लागल्या. मधुसूदन लेझीम हातात धरून नुसताच उभा राहिला.

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. “हीच,” त्या म्हणाल्या. “हिला मी आजच सोबत नेते.”

शुभदा उड्या मारतच बायांच्या घोळक्याकडे धावली. मधोमध जमनी होती. बाया तिच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडत होत्या. जमनी मात्र शुभदाकडेच बघत होती, पापणी न हलवता.

तिचा बाप भीमसिंग हात जोडून पुढं आला.

“भाऊ, जागा मिळाली! बाई जमनीला शाळेत न्यायला तयार आहेत, आजच्या आज!”

भीमसिंग मोकळेपणानं हसला. त्यानं शुभदाच्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

“थट्टा करता का, ताई? हे गाणं नवरीनं म्हटल्याबिगर आमच्या तांड्यात पोरगी सासरी धाडत नाही. दोन सालं झाले, ते तोंड मिटून होती, म्हणून लगन अडलं होतं. तुम्ही बहुत उपकार केले. परवा हळद हाय.”