परवा

"'आहे' नको ताई, 'होता' म्हणा. तेवढं वाक्य पुन्हा घेऊ," कॅमेऱ्याशेजारची निर्माती म्हणाली.

ताईनं घसा खाकरला. "दादा हट्टी होता." शब्द दाताखाली खडा यावा तसा आला.

ताईनं चाळीस वर्षं टीव्हीवर खाष्ट सासवा आणि भांडकुदळ घरमालकिणी केल्या होत्या. भाजीवाले अजून तिला वजनात मारायला घाबरत. दादा तिचा सख्खा थोरला भाऊ. काळ्यापांढऱ्या सिनेमांचा नायक. त्याच्या भुवईवर बायका जीव टाकायच्या.

सोमवारी या निर्मातीचाच फोन आला होता. "दादांवर श्रद्धांजलीचा कार्यक्रम करतोय. तुमच्याशिवाय होणारच नाही."

ताईनं एकच शब्द विचारला, "कधी?"

"परवा. सकाळी अकराला."

म्हणजे सगळं आटोपलंही होतं. सख्ख्या बहिणीला कुणी कळवलं नाही. आणि कळवतील तरी कोणत्या तोंडानं? एकोणीस वर्षं दार तिनंच लावून घेतलं होतं.

गाडी पाठवते, असं निर्माती म्हणाली. पाठव, म्हणून ताईनं फोन ठेवला. टीव्ही लावला नाही. त्याचेच सिनेमे दाखवत असतील, ते बघवले नसते. पेपर तर एकोणीस वर्षांपूर्वी दादाची ती मुलाखत छापून आल्यापासून बंद होता. कपड्यांना इस्त्री करून ती बसून राहिली. दोन दिवसांनी खाली हॉर्न वाजला तेव्हा उठली.

स्टुडिओतली मेकअपवाली जुनी होती. पफ फिरवता फिरवता गेलेल्यांची उजळणी करत होती.

"तो आपला खलनायक आठवतो? पडद्यावर सुरा नाचवायचा आणि इंजेक्शन दिसलं की या खुर्चीमागे लपायचा. आणि ती नाचणारी. हजार माणसं नुसती बघायला यायची. गेली तेव्हा उचलायला चौघं जमेनात. आता राहिलंय कोण, ताई? तुम्ही आणि..." ती थांबली. "डोळे मिटा. पावडर जाईल."

बाहेरच्या भिंतीवर गेलेल्या नटनट्यांचे फोटो ओळीनं लावले होते. ताईनं पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं. दादा नव्हता.

"त्याचा नाही लावला?"

"नाही अजून," निर्माती घाईनं म्हणाली. "चला, दिवे लागलेत."

आता दिवे तोंडावर होते, आणि निर्माती हळू आवाजात विचारत होती, "शेवटची आठवण सांगाल?"

ताई म्हणाली, "मुलाखतीत त्याला विचारलं, बहीणही काम करते ना? तर म्हणाला, आमच्या घरात नट एकच. झालं. मी त्याचं तोंड बघायचं सोडलं. तो तीनदा माझ्या दारी आला. तिसऱ्यांदा आला तो विग न घालता. अगं, हा माणूस विगशिवाय कधी दूध घ्यायलासुद्धा दार उघडत नव्हता! जिन्यातलं ऊन त्याच्या टकलावर पडलं होतं. हातात कापडी पिशवी. मी दाराच्या भिंगातून बघत होते. कामवालीला पढवून ठेवलं होतं, सांग, ताई नाहीत."

"मग?"

"म्हणाला, 'बरं, मी थांबतो.' पाऊण तास पायरीवर बसला. मी आत श्वास धरून. शेवटी गुडघ्यावर हात टेकून उठला, पिशवी घेतली, गेला. काय होतं गं त्या पिशवीत? रोज विचारते मी स्वतःला. आता कुणाला विचारू?"

कॅमेरावाला चष्मा काढून डोळे पुसत होता. ताईला थांबायचं नव्हतं.

"खरं सांगते, तो खोटं नव्हता बोलला. नट तो एकच. मी नुसती सोंगं काढली. एकदा, फक्त एकदाच बेल वाजू दे. मी माझ्या पायांनी चालत जाऊन दार उघडीन. पण आता काय. माझ्या या जिभेनं माणूस खाल्ला माझा."

दिवे विझले. निर्मातीनं तिला पाणी दिलं. ताईनं पदरानं तोंड टिपलं. तोंडावरची पावडर पदराला लागली.

"कधी दाखवाल?" तिनं विचारलं.

"ते कसं सांगू, ताई? ऐंशीच्या पुढच्या सगळ्यांचे श्रद्धांजलीचे कार्यक्रम आम्ही आधीच करून ठेवतो. ऐनवेळी धावपळ नको. तारीख तेवढी मागून टाकायची."

ताईनं पदर खाली सोडला. "अगं, तू म्हणालीस ना, परवा."

"हो. रेकॉर्डिंग परवा, म्हणजे आज." मग निर्मातीचा हात तोंडावर गेला. "अगंबाई! ताई, तुम्हाला वाटलं... अहो, दादा चांगले खणखणीत आहेत! थांबा, आत्ता लावून देते." तिनं नंबर फिरवून फोन स्पीकरवर टाकला. "दादा? ताई आहेत इथे. बोलायचंय त्यांना."

पलीकडून तोच आवाज आला, आता चिरकलेला. "बाळे?"

निर्मातीनं हसत, रडत फोन पुढे धरला. ताईचा हात उठला. फोनपासून वीतभर अंतरावर बोटं थांबली. मग तिनं हात मागे घेतला, मान ताठ केली आणि हळूच म्हणाली, "सांग, ताई नाहीत."