यांच्या वाटणीच्या चकल्या

मीनाचे पप्पा गेल्यावरची ही पहिलीच दिवाळी. दुःखाच्या घरात कढई चढत नाही, म्हणून टेंभुर्णीतल्या शेजारणी फराळ आणून देत होत्या. लेकीला मात्र घरच्या चकल्या हव्या होत्या. "आई, ओव्हनाला कुठं कढई म्हणतेत?" म्हणत तिनं चकल्या पाडल्या, वरून तेलाचं बोट फिरवलं आणि ओव्हनात ठेवल्या. डॉक्टरांनी तळलेलं बंद केल्यावर तो ओव्हन यांच्यासाठीच घेतला होता. चार दिवाळ्या यांच्या चकल्या ओव्हनात झाल्या, आमच्या कढईत. यांच्या वाटणीला आम्ही कधी हात लावला नाही. "जमल्या का?" मी विचारायचे. "बिलकुल तळल्यावानी," म्हणत हे ताटली रिकामी करायचे. आज मी पहिल्यांदा ओव्हनातली चकली खाल्ली. नुसता कोरडा भुगा, घशाखाली उतरेना. मीना माझ्या तोंडाकडं बघत होती. "जमल्या का, आई?" मी दुसरी चकली उचलली. "बिलकुल तळल्यावानी."