बादलीतलं पोवळं

पृथ्वीवर तीन भाग पाणी अन् एक भाग जमीन, असं शास्त्र सांगतं. बाहत्तर सालच्या सोलापुरात मात्र नळाला चार दिवसांआड दोन बादल्या पाणी येई. त्यातल्या एकीत मीठ कालवून गौरम्मा पोवळं ठेवायची. तिचा मुलगा पोवळ्यांवर संशोधन करताना समुद्रात बुडाला, सापडला नाही. त्याच्या ट्रंकेतून फक्त हा पांढरा तुकडा आला. पोवळं दगड नसतं, जिवंत असतं, असं त्यानंच लिहिलं होतं. वर्षभरानं त्याचे साहेब तुकडा संग्रहालयासाठी न्यायला आले. "अम्मा, हे कधीच मेलंय," ते म्हणाले. तेवढ्यात बादलीत एक बुडबुडा वर आला. मग आणखी एक. साहेबांनी पाय खुर्चीवर घेतले. गौरम्मानं विचारलं, "समुद्रात नेऊन सोडता का त्याला?" "सोडतो," साहेब पुटपुटले. "मग न्या की. बादली तेवढी परत पाठवा, उद्या पाणी यायचंय."