थोरलीने निवडलेले गुरुजी

थोरलीने धाकट्या जावेला जो कोर्स सुचवला, तो तिने स्वतः आधी पाहिला होता, जांभया देत देत, आणि टाकाऊ आहे याची पुरती खात्री करून घेतली होती. शिकवणारा माणूस तोंडात गुळणी धरल्यासारखा बोलायचा. सॉफ्टवेअरची आवृत्ती इतकी जुनी, की त्याने दाखवलेली निम्मी बटणं आता पडद्यावर सापडायचीच नाहीत.

"याच्याइतकं सोपं दुसरं काही नाही बघ," थोरली म्हणाली. "मी यावरच शिकतेय."

"बरं झालं ताई, शोधून दिलंत," धाकटी म्हणाली आणि आपल्या कामाला लागली.

रस्ते आखून देण्याचं ऑफिस सासऱ्यांचं. खाली ऑफिस, वर घर. दोन्ही मुलगे दिवसभर साइटवर आणि दोघी सुना खाली नकाशांवर. सासऱ्यांनी नवं सॉफ्टवेअर आणलं आणि जेवताना सांगून टाकलं, की आता आपल्याच्याने होत नाही. महिनाभरात जी हे नीट शिकेल तिला माझी खुर्ची. कशावरून शिकायचं ते ज्याचं त्याने बघावं.

लग्न होऊन आल्यापासून ऑफिस थोरलीने ओढलं होतं. धाकटीला येऊन वर्षही झालं नव्हतं. तरी धाकटीने नकाशा पुढे केला की सासरे आधी चष्मा पुसून घेत, थोरलीने केला की नुसतं, "ठेव तिथे." त्या चष्म्याच्या फडक्याने थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

स्वतःसाठी मात्र तिने मुलाला स्थळ बघावं तशा चिकित्सेने शोध घेतला. कंपनीचं मॅन्युअल उशाला घ्यायच्या जाडीचं होतं आणि त्याच कामाचं होतं. फुकटच्या व्हिडिओतला तरुण रस्ता सुरू करण्याआधी स्वतःचंच कौतुक इतकं करायचा, की रस्ता राहूनच जायचा. एका क्लासवाल्याने प्रमाणपत्र आधी आणि शिकवणं नंतर देऊ केलं. शेवटी तिला 'ओळंबा' नावाचा कोर्स सापडला. शिकवणाऱ्याचा चेहरा नाही, आवाज नाही. पडद्यावर फिरणारा बाण आणि खाली दोन स्वच्छ ओळी. अडलं तर खासगीत प्रश्न विचारायची सोय होती आणि उत्तर संध्याकाळच्या आत यायचं.

थोरलीने त्या बाणामागे पांढऱ्या मिशांचे, निवृत्त, शांत असे एक गुरुजी बसवून टाकले. चार दिवसांत तिला रस्त्याचा चढउतार दाखवणारा उभा छेद काढता यायला लागला. आठवड्यात डोंगर कुठे कापायचा आणि ती माती कुठे भरायची, हे कळायला लागलं.

पण वरच्या खोलीतून धाकटीच्या कीबोर्डची टकटक ऐकू आली, की हिच्या काळजात खिळे ठोकले जात. एवढा काय अभ्यास करते? त्या गुळणीवाल्याकडून? एकदा न राहवून तिने गुरुजींनाच लिहिलं, की माझी जाऊ माझ्यापेक्षा जास्त वेळ बसते, काय करू?

उत्तर आलं, "तिचं राहू द्या. तुमचा रस्ता वळणावर आतून रुंद व्हायला हवा, ते आधी बघा."

थोरलीला हसू आलं आणि बरंही वाटलं. मग ती रोजच लिहायला लागली. घाटरस्त्याचा एक प्रश्न आणि जावेची एक कागाळी. ती गोड बोलून सासऱ्यांना कशी गुंडाळते, दिराला कशी मुठीत ठेवते, नाक कसं आहे, सगळं. मन इतकं मोकळं झालं, की टाकाऊ कोर्स गळ्यात मारल्याचंही तिने लिहून टाकलं. जावेला हे कळलं असेल का, असंही विचारलं.

त्या दिवशी उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी आलं. "कळलं असलं तरी ती बोलून दाखवणार नाही. तुमच्या भरावाचा उतार फार उभा झालाय. पावसात खचेल. पुन्हा काढा."

महिना संपत आला तशी सासऱ्यांनी निकालाची गोष्ट काढली. थोरलीने तेवढ्यात सुचवलं, की घरातल्या घरात निकाल नको, उद्या कुणी झुकतं माप दिलं म्हणेल. बाहेरचे परीक्षक बोलवू, माझ्या माहितीत एक आहेत.

धाकटी ताट उचलता उचलता थांबली. "बाबा, परीक्षा कशाला? ताईंनाच द्या ना खुर्ची."

घाबरली, थोरलीच्या मनात आलं. अशी आयती खुर्ची तिला नकोच होती. सगळ्यांदेखत जिंकायचं होतं. "नाही, रीतसर होऊ दे," ती म्हणाली.

तिने दिलेल्या ओळंबाच्या पत्त्यावर सासऱ्यांनी आमंत्रण धाडलं. उत्तर वाचून त्यांनी चष्मा काढला, पुसून पुन्हा वाचलं आणि एवढंच म्हणाले, "येतायत."

आदल्या दिवशी थोरलीने गुरुजींना शेवटचं लिहिलं. उद्या जरा सांभाळून घ्या. मी खुर्चीत बसले की जावेला मागच्या कोंदट खोलीत जुने नकाशे निवडायला बसवते, मग तिची टकटक बंद. याला उत्तर आलं नाही. मोठी माणसं परीक्षेच्या तोंडावर बोलत नसतील, अशी तिने समजूत घातली.

परीक्षेच्या सकाळी मोठ्या टेबलाशी दोन संगणक मांडले होते आणि समोर परीक्षकांसाठी सासऱ्यांचीच खुर्ची. मुलगे साइटवर न जाता भिंतीला टेकून उभे होते. ऑफिसातले दोघं ड्राफ्ट्समनही आले होते. थोरलीचं सगळं लक्ष दाराकडे.

"चला, सुरू करू," सासरे म्हणाले.

"परीक्षक येऊ देत की, बाबा."

"आलेत," सासरे म्हणाले, कुणाकडेही न बघता.

थोरली लगबगीने उभी राहिली, केस सारखे केले आणि हसऱ्या चेहऱ्याने दाराकडे वळली. दारात कुणीच नव्हतं.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. धाकटी आपल्या जागेवरून उठली, टेबलाला वळसा घालून परीक्षकांच्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, "उभ्या का, ताई? बसा ना."