शिडी धरणारा

छपरांची कामे करणाऱ्या त्या घरात वडिलांनी घालून दिलेला एक नियम होता. उतरताना माणसाचे तोंड छपराकडे असते, खालचे काही दिसत नाही, म्हणून आधी “धरलीस?” असे विचारायचे आणि उत्तर आल्यावरच शिडीवर पाय ठेवायचा.

त्या दुपारी काम आटोपल्यावर धाकट्याने वरून विचारले, “दादा, धरलीस?”

“धरली रे! राजवाड्याचा जिना समज आणि उतर.”

धाकटा हसला. त्याने पहिल्या पायरीवर पाय टेकला, तोच कमरेची हातोडी निसटली. “दादा, डोकं सांभाळ!” असे ओरडत त्याने घाबरून खाली पाहिले. दादाने जिथे उभे असायला हवे होते, नेमकी तिथेच हातोडी पडली होती. दादा मात्र पार कुंपणापाशी मोबाइलमध्ये डोके घालून बसला होता.

“अरे, धरली म्हटलं ना!” मान वर न करताच तो म्हणाला.

धाकटा एकेक पायरी चाचपत एकटाच उतरला.

संध्याकाळी वडिलांनी आपला न वाकणारा पाय दोन्ही हातांनी उचलून स्टुलावर ठेवला आणि रोजच्यासारखे विचारले, “आज शिडीला कोण होतं?”

“दादा.”

“मग घोर नाही,” वडील म्हणाले. “मी पडलो त्या दिवशीसुद्धा बिचारा घट्ट धरून उभा होता. पाय माझाच चुकला.”